दहा मैलांची कबुली

फ्रँक वर्स्लीचं 'शॅकल्टन्स बोट जर्नी' बहुतेक जण थंडी, लाटा आणि माणसांचे हाल यांसाठी वाचतात. मला ते आवडतं त्यातल्या सूर्यासाठी, आणि तो तर फारसा उगवतच नाही. अंटार्क्टिक मोहिमेचं जहाज बर्फात गमावल्यावर, 24 एप्रिल 1916 रोजी मोहिमेचा प्रमुख शॅकल्टन आणि वर्स्ली यांच्यासह सहा जण साडेबावीस फुटी 'जेम्स केर्ड' होडीतून एलिफंट बेटावरून निघाले. साउथ जॉर्जिया सुमारे 800 सागरी मैल दूर. ते चुकलं, की पुढे वारा नेईल तिकडे अटलांटिक. आणि वाटेत, होडीचा मार्ग शोधणाऱ्या वर्स्लीला सूर्य मोजता आला तो जेमतेम चार-पाचदा.

हिशेब तसा पाठ्यपुस्तकातला. भर माध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की अक्षांश मिळतो. रेखांशाला मात्र घड्याळ लागतं: सकाळी किंवा दुपारी उंची घ्यायची, नेमक्या त्या क्षणाची ग्रिनिचची वेळ टिपायची आणि तक्ते उघडून बसायचं. त्या अक्षांशांवर घड्याळ एक मिनिट चुकलं तर नकाशावरची होडी सोळा किलोमीटर सरकते. मूळ जहाजावरच्या 24 क्रोनोमीटर घड्याळांपैकी धड चालणारं एकच उरलं होतं.

पण पुस्तक रंगतं ते मोजणीच्या प्रसंगात. वर्स्ली सूर्याची उंची मोजायचं सेक्स्टंट छातीशी धरून ताडपत्रीखालून बाहेर येतो, आडव्या फळीवर गुडघे टेकतो. दोघं त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. आत शॅकल्टन क्रोनोमीटर, पेन्सिल आणि वही घेऊन तयार. होडी इतकी बुटकी, की खळग्यात असताना समोर नुसती पाण्याची भिंत. ती लाटेच्या माथ्यावर चढली की क्षितिज जिथे असायला हवं तिथे सूर्य उतरवायचा आणि ओरडायचं. पुढचं सगळं काटेकोर गणित त्या एका अदमासावर उभं! वर्स्ली हे थट्टेच्या सुरात सांगतो. ती थट्टा कधी कधी अंमळ जास्त होते, पण इथे शोभते. गंभीर चेहऱ्यानं सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

सगळ्यात सुंदर जागा 7 मेची. धुक्यात सूर्याची कडाच पुसट झालेली, म्हणून त्यानं बिंबाचा मध्य अंदाजानं धरला. मग शॅकल्टनला सरळ सांगितलं, की दहा मैलांच्या आतली खात्री मी देत नाही. दुसरा कुणी प्रमुखासमोर छातीठोक आकडा फेकून मोकळा झाला असता. शॅकल्टननंही ते दहा मैल मनावर घेतले. बेटाला वळसा घालायच्या नादात ते हुकू नये म्हणून वस्ती नसलेला पश्चिम किनारा गाठायचं ठरलं. 8 मे रोजी दुपारी जमीन दिसली. पाय मात्र वादळामुळे 10 तारखेला लागले.

देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती होती पलीकडच्या अंगाला. त्यामुळे तिघांना बर्फाचे डोंगर पायी ओलांडावे लागले. त्या पायपिटीवर पुष्कळ लिहून झालंय. पुस्तक हाती पडलं तर तिकडे जायची घाई करू नका, आधी 7 मेपाशी थांबा.