का कोण जाणे

नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखा म्हणजे कोल्हापूरचा किरणोत्सव. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन, गरुड मंडप ओलांडून अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात आणि दिवसागणिक चरणांवरून मुखाकडे चढत जातात. अशाच एका संध्याकाळी ती कमरेशीच विरली, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आजी पुटपुटल्या, "का कोण जाणे, आज वर आलीच न्हाईत."

कारणे गर्दीत सगळ्यांनाच ठाऊक होती. क्षितिजावरचे ढग, हवेतली धूळ, वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती. तरीही आजींचे ते तीन शब्द कानात रेंगाळले. इंग्रजीत याच अर्थाचे क्रियाविशेषण आहे, 'इनएक्सप्लिकेबली'. त्याच्या लॅटिन मुळाशी घडी आहे; ज्याची घडी मोडता येत नाही, ते. गंमत अशी की आपणही 'उलगडा' म्हणतो तेव्हा घडीच मोडत असतो. पण कोशातला 'अनाकलनीयपणे' हा प्रतिशब्द वाक्यात ठेवून पाहा. डोळे अनाकलनीयपणे भरून आले, म्हटले की ते जागच्या जागी कोरडे होतात!

'का कोण जाणे' हे क्रियाविशेषणाचे काम करते खरे, पण मुळात तो अख्खा प्रश्न आहे. त्यातले 'जाणे' हे जुन्या मराठीतले वर्तमानकाळी रूप. आज आपण 'जाणतो' म्हणतो, पण इथे ते जुने रूप देव्हाऱ्यातल्या टाकासारखे जपून राहिले आहे. प्रश्नचिन्ह मात्र कधीच गळून पडले, कारण उत्तराची अपेक्षाच उरली नाही. आणि जागा बदलली की त्याची चवही बदलते. 'का कोण जाणे, डोळे भरून आले' यात आधी हुरहूर आणि मग अश्रू. 'डोळे भरून आले, का कोण जाणे' यात अश्रू पुसता पुसता स्वतःशीच केलेले नवल. (पेठेतला गडी हेच 'कुणाला ठावं!' म्हणून एका झटक्यात उडवून लावील, तो भाग वेगळा.)

याचे सख्खे भावंड 'देव जाणे'. तिथे जाणणारा कुणीतरी आहे, म्हणून थोडा दिलासा आहे. 'कोण जाणे'मध्ये ती जागा रिकामीच. खुद्द अंबाबाईच्या दारात उभ्या असूनही आजींच्या ओठी 'देव जाणे' आले नाही, हे मला घरी परतताना सुचले. त्या तेव्हा पदर सावरत एवढेच म्हणाल्या होत्या, "उद्या येऊ परत," आणि चपला शोधू लागल्या होत्या.