‘मूळ रूपा’चा आग्रह आणि मालमोटारीचा इतिहास : कुंडल परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जुनी अमेरिकी पिकअप गाडी मिळवणे, ती पूर्णपणे खोलणे, गंजलेला पत्रा बदलणे आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणणे हा अमेरिकेतील एक प्रतिष्ठित छंद आहे. मुळात हे वाहन प्रतिष्ठेचे नव्हते. फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच लहान हौदा जोडून ती २८१ डॉलरला विक्रीस आणली, ती प्रामुख्याने शेतकरी आणि लहान व्यापारी यांच्यासाठी. पुढे १९४७ ची शेव्हरोले आणि १९४८ ची फोर्ड ‘एफ’ मालिका यांनी तीच परंपरा चालवली. कष्टाचे हे वाहन आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाले आहे. भारतात मात्र जुन्या मोटारीचे कौतुक राजेरजवाड्यांच्या प्रवासी गाड्यांभोवतीच फिरत राहिले. मालमोटारीला त्यात स्थान मिळाले नाही. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही, कारण २०२१ पासून या भेदाला नियमांचेही अधिष्ठान लाभले आहे. या नियमांमागील ‘मूळ रूप’ या संकल्पनेची चिकित्सा करणे आणि कुंडल–किर्लोस्करवाडी परिसराच्या यंत्रपरंपरेच्या आधारे तिच्या मर्यादा दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमांचे स्वरूप

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज मोटार वाहन’ ही स्वतंत्र वर्गवारी निर्माण केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ रूपात जतन केलेले आणि चॅसी, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन या वर्गवारीस पात्र ठरते. अशा वाहनास ‘व्हीए’ अक्षरे असलेला नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित अथवा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब अशी की, ही वर्गवारी दुचाकी आणि ‘एम-१’ प्रवर्गातील, म्हणजे प्रवासी चारचाकी वाहनांपुरती मर्यादित आहे. मालवाहू वाहने ‘एन’ प्रवर्गात मोडत असल्याने ती व्याख्येबाहेर राहतात. प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली जुनी जीप पात्र ठरू शकते, मात्र त्याच काळातील पिकअप किंवा ट्रक पात्र ठरत नाही. दुसरी बाब ‘मूळ रूपा’च्या अटीची. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरणाचा प्रारंभ झाला, त्यात योग्यता चाचणीत नापास होणारी वाहने मोडीत काढण्यावर भर आहे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता जुन्या प्रवासी गाडीला संग्रहाचा मार्ग मिळतो आणि जुन्या मालमोटारीसमोर प्रामुख्याने भट्टीचाच मार्ग उरतो, असे दिसते.

महाराष्ट्रातील अमेरिकी मालमोटार

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्ड कंपनीचाही व्यवसाय मुंबईत होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून वाहने तयार केली. डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक त्यांतलेच. टॅरिफ आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी १९५४ मध्ये काम आवरते घेतले. परिणामी त्यांच्या वाहनांच्या सुट्या भागांचा पुरवठा आटत गेला. वाहन मात्र रस्त्यावरच होते आणि मालकाचा चरितार्थ त्यावर अवलंबून होता. तुटलेला पाटा लोहाराकडे, झिजलेला दांडा लेथवर आणि फुटलेला बिडाचा भाग ओतशाळेत, या क्रमाने ते वाहन पुढे चालत राहिले.

पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाला तेव्हा इंजिनेही बदलली गेली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने १९५० च्या दशकात पर्किन्स डिझेल इंजिनांचे उत्पादन हाती घेतल्यानंतर डॉज–फार्गो जातीच्या ट्रकांना डिझेल इंजिन बसवणे ही सर्वसामान्य बाब झाली. म्हणजे अमेरिकी आराखड्याच्या सांगाड्यावर ब्रिटिश घडणीचे, मद्रासेत तयार झालेले इंजिन बसले. अशा वाहनाचे मूळ रूप कोणते मानावे, हा प्रश्न नियमात विचारलेलाच नाही.

बॉडीची अट तर याहूनही अडचणीची आहे. भारतात ट्रक बहुधा चॅसी आणि समोरचे काउल एवढ्याच स्वरूपात विकला जात असे. चालकाची केबिन, लाकडी हौदा, त्याचे फाळके आणि लोखंडी पट्ट्या ही सारी कामे स्थानिक सुतार, लोहार आणि रंगारी करीत. ज्या वाहनाची बॉडी कारखान्याने कधी बनवलीच नाही, त्याच्या बॉडीचे ‘मूळ रूप’ कारखान्याच्या माहितीपत्रकात सापडणे शक्य नाही. ते कराडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या बॉडी बांधणाऱ्याच्या हातात होते. प्रवासी मोटारीवरून घडवलेली कसोटी मालमोटारीला लावली की असा विसंवाद अटळ ठरतो.

कुंडलचा पाठ

या विवेचनात कुंडल परिसराचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. पलूस तालुक्यातील हे गाव प्रतिसरकारच्या लढ्यातील तुफान सेनेचे केंद्र म्हणून परिचित आहे, परंतु यंत्राच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. १८८८ मध्ये बेळगावात सायकल दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतची माळरान जमीन दिली आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही या उद्योगाची आरंभीची उत्पादने होत. परदेशी यंत्राचा नमुना समजून घ्यावा, तो येथील माती, बैल आणि शेतकऱ्याची ऐपत यांना मानवेल असा बदलावा, ही त्या कारखान्याची रीत होती. येथे नमुन्याशी इमान राखण्यापेक्षा कामाशी इमान राखणे महत्त्वाचे मानले गेले.

याच परंपरेची दुसरी बाजूही दृष्टीआड करता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी किर्लोस्करांना दिल्याची हकीकत दक्षिण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो उपकारच होता. इतिहास-संशोधकाच्या दृष्टीने मात्र वितळलेली तोफ कायमची गेली. उपयुक्ततेची परंपरा वस्तू जगवते, तशी ती संपवतेही. म्हणून देशी दुरुस्तीचा सरसकट गौरव करणे हे ‘मूळ रूपा’च्या सरसकट आग्रहाइतकेच एकांगी ठरेल. ब्रेकशी किंवा स्टिअरिंगशी केलेली तडजोड केवळ जुनी आहे म्हणून जतनास पात्र होत नाही.

आक्षेप आणि त्याचा विचार

नियमांच्या समर्थनार्थ एक सबळ युक्तिवाद करता येतो. मूळ रूपाची अट सैल केली, तर एखादी जुनी चॅसी दाखवून नवेच वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवले जाईल, कर आणि प्रदूषणाचे निर्बंध चुकवले जातील. मालवाहू वाहनांबाबत तर व्यावसायिक गैरवापराची शक्यता अधिक आहे. हा आक्षेप रास्त आहे. तथापि व्यावसायिक वापरास नियमांत आधीच मनाई आहे, आणि बनवेगिरीवरील खरा उपाय नोंदींच्या तपासणीत आहे. कोणता भाग केव्हा, कोठे आणि कोणत्या कारणाने बदलला याचा पुरावा मागितला, तर खोट्या वाहनाला तो देता येणार नाही. जुनी नोंदणी पुस्तिका, इंजिन बदलाची परिवहन कार्यालयातील नोंद, गॅरेजच्या पावत्या आणि छायाचित्रे ही त्याची साधने होत.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद या संदर्भात मार्गदर्शक ठरते. वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तयार झालेल्या या सनदेत उपयुक्ततेच्या वाहनांचाही अंतर्भाव आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग होय, ही भूमिका तिला मान्य आहे.

संग्राहकांच्या वृत्तीचीही येथे दखल घ्यावी लागते. अमेरिकी माहितीपत्रकातील रंग आणि चकाकणारे क्रोम आणण्याच्या हौसेपायी डिझेल इंजिन, देशी हौदा आणि त्यावरील रंगाऱ्याची अक्षरे काढून टाकली, तर वाहन देखणे होते, परंतु त्याची येथील ५० वर्षे पुसली जातात. उरते ती अमेरिकेतील वाहनाची प्रतिकृती. तिच्यातून महाराष्ट्रातील वाहतुकीविषयी काहीही कळत नाही.

निष्कर्ष

मालमोटारीचे ऐतिहासिक मूल्य तिच्या अस्पर्शित असण्यात नसून तिच्या दुरुस्त होत राहण्यात आहे. त्यामुळे ५० वर्षांवरील मालवाहू वाहनांना व्हिंटेज वर्गवारीत स्थान द्यावे आणि त्यांच्यासाठी ‘मूळ रूपा’ऐवजी ‘नोंदलेले रूप’ ही कसोटी लावावी. सुरक्षिततेसाठी आवश्यक बदलांस मुभा असावी, मात्र प्रत्येक बदलाची नोंद सक्तीची असावी.

नियम बदलेपर्यंत महाविद्यालयांनी थांबण्याचे कारण नाही. ज्यांनी हे ट्रक चालवले, जोडले आणि रंगवले ती पिढी वेगाने मावळते आहे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंदांचे नाव धारण करते आणि किर्लोस्करवाडीची परंपरा कुंडलच्या शिवेवर उभी आहे. या परिसरातील अभियांत्रिकी, इतिहास आणि मराठी या विभागांनी मिळून वृद्ध मिस्त्री व चालकांच्या मुलाखती, गॅरेजच्या वह्या आणि कामाचे शब्द संकलित केले, तर वाहन भट्टीत गेले तरी त्यामागील ज्ञान तरी वाचेल. तोफांच्या बाबतीत अशी नोंद कोणी मागे ठेवली असती, तर आज त्यांच्याविषयी हकीकतीपलीकडे बरेच काही सांगता आले असते.