साथ कीं सहवादन?

लोहा तालुक्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत ज्यानें जागरण ऐकलें आहे, त्याला साथ म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. वाघ्याचा शब्द संपतो न संपतो तोंच दिमडी बोलूं लागते आणि तुणतुण्याचा स्वर साऱ्यांना धरून ठेवतो. दिमडी थांबली तर गाणेंच थांबेल. तिला दुय्यम म्हणण्याचें धैर्य तेथें कोणास होणार नाहीं.

असें असतां, पाश्चात्य संगीताच्या पदवीसाठीं व्हायोलिनचा जो कार्यक्रम परीक्षकांपुढें सादर करावा लागतो, त्यांतील पियानोला 'साथीचें वाद्य' म्हणून आपण मोकळे होतों. परीक्षार्थीही पुष्कळदां तसेंच समजून तयारी करतो. आपलीं मुलेंमुलीं आतां ही विद्या शिकूं लागलीं आहेत, म्हणून हा समज तपासून पाहणें अगत्याचें वाटतें.

अशा कार्यक्रमांत बहुधा तीन प्रकारच्या रचना असतात. बाखची एकट्या व्हायोलिनसाठीं लिहिलेली रचना घेतली तर तेथें पियानो नसतोच. काँचेर्टोंत तो मूळ वाद्यवृंदाचा मुखत्यार असतो. तेथें 'साथ' हा शब्द चालेल. सोनाटाची गोष्ट मात्र निराळी. बीथोव्हेनची 'क्रॉयत्सर' सोनाटा १८०३ सालीं व्हिएन्नांत प्रथम वाजली, तेव्हां व्हायोलिनवर ब्रिजटॉवर आणि पियानोवर स्वतः बीथोव्हेन होता. पुढें ती छापली गेली तेव्हां मुखपृष्ठावर पियानोचें नांव आधीं आलें. सेझार फ्रांकनें १८८६ सालीं इझाई या वादकाच्या विवाहानिमित्त लिहिलेली सोनाटा तर याहून बोलकी आहे. तिचा आरंभ पियानो करतो, आणि शेवटच्या भागांत पियानोनें काढलेली चाल व्हायोलिन एका आवर्तनाच्या अंतरानें उचलतें. येथें कोण कोणाची साथ करतो?

ज्या विद्यार्थ्यानें वर्षभर आपल्याच ओळी घोटल्या आणि पियानोवादकाची गांठ शेवटच्या पंधरवड्यांत घेतली, त्याचें वादन या ठिकाणीं उघडें पडतें. तो आपल्या विरामाच्या मात्रा मोजतो, पण त्या विरामांत दुसरा काय बोलत आहे तें ऐकत नाहीं. मोजणें निराळें आणि ऐकणें निराळें. आमची सूचना साधी आहे. पहिल्या दिवसापासून दोन्ही वाद्यांच्या ओळी असलेली प्रतच समोर ठेवावी. पियानोची चाल गळ्यानें म्हणावी. आणि वेग येण्याआधींच, संथ लयींत, दोघांनीं एकत्र बसावें.

स्वरांचाही प्रश्न आहे. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर शुद्ध गांधार ३८६ व्या भागाजवळ येतो, पियानोचा मात्र ४०० वर बांधलेला असतो. पेटीच्या अशाच बांधीव स्वरांवरून आपल्याकडे मोठा वाद झाला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं श्रुतींचा हिशेब मांडला, आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीवर बंदी घातली. ती बऱ्याच वर्षांनीं उठली. गजाननराव जोशी किंवा श्रीधर पार्सेकर यांच्या व्हायोलिनला तानपुऱ्याचा आधार होता. त्यामुळें त्यांचें बोट मोकळें राहिलें. पियानोसमोर बसणाऱ्याला तो जुना वाद क्षणोक्षणीं स्वतःच्या बोटानें मिटवावा लागतो. पियानोशीं एकस्वर होतांना त्याच्याकडे झुकावें, चाल एकट्याची असतांना आपल्या कानाचें ऐकावें. हा निवाडा दुसऱ्याचा भाग पाठ असल्यावांचून करतां येत नाहीं.

पदवी एकाच्या नांवावर लिहिली जाते, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु परीक्षा कशाची, हें परीक्षार्थीनें ओळखावें. हाताची चलाखी घरीं बसूनही सिद्ध होते. दुसऱ्याला वाव देऊन स्वतःचें बोलणें पुरें करण्याची कला मात्र रंगमंचावरच कसाला लागते. माळेगांवच्या वाघ्याला ती कोणत्याही पदवीवांचून साधलेली असते.