‘केब्रा नगस्त’ : पेलाभर पाण्याची किंमत

इथिओपियाच्या सॉलोमनी राजघराण्याचा आधारग्रंथ म्हणजे ‘केब्रा नगस्त’, अर्थात राजांचा गौरव. गीझ भाषेतला हा ग्रंथ चौदाव्या शतकात सिद्ध झाला. त्याची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. आपल्याला प्रश्न विचारायचा आहे तो वेगळा: हा गौरव उभा कशावर आहे?

कथा अशी. राणी माकेदा ज्ञानाच्या ओढीने यरुशलेमला सॉलोमनकडे जाते. ‘मी तुझ्यावर बळजबरी करणार नाही, तूही माझ्या घरातले काही बळाने घ्यायचे नाही,’ अशी शपथ राजा घालतो आणि तहान लागेल असे मसालेदार जेवण वाढतो. रात्री राणी पाणी प्यायला उठते. राजा हात धरतो: शपथ मोडली! त्या रात्रीतून मेनेलिक जन्मतो. पुढे त्याचे सोबती यरुशलेमहून कराराचा कोश चोरून आणतात, आणि ईश्वराची कृपा इथिओपियाकडे येते.

ग्रंथाला यात राजाची बुद्धिमत्ता दिसते. महाडचे तळे ज्याच्या स्मरणात आहे त्या वाचकाला ती दिसणार नाही. पाण्यावर मालकी सांगायची, तहानेला गुन्हा ठरवायचे आणि दंड बाईच्या देहातून वसूल करायचा, याला आपल्या भाषेत दुसरे नाव आहे.

इतिहास काय सांगतो? १२७० साली येकुनो आम्लाकने झाग्वे घराणे उलथून गादी घेतली. सत्ता तलवारीने आली. वंशावळीने तिला पावित्र्य दिले. खडकात कोरलेली लालिबेलाची मंदिरे ज्यांच्या नावावर आहेत ते झाग्वे मात्र उपरे ठरले. एका लोककथेत ते राणीच्या दासीला सॉलोमनपासून झालेल्या मुलाचे वंशज आहेत. बाप एकच, पण आई दासी, म्हणून गादीवर हक्क नाही!

या कथेची दुसरी बाजू नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८६८ मध्ये इंग्रजांनी मगदलाहून हा ग्रंथ लुटून नेला, तेव्हा सम्राट योहान्नेस चौथा याने १८७२ मध्ये तो परत मागितला. त्यावाचून प्रजा आज्ञा मानणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८९६ मध्ये आदवा येथे मेनेलिक दुसरा याने इटलीला धूळ चारली. जगभरच्या काळ्या माणसाची मान त्या विजयाने ताठ झाली. पण परक्यापुढे ताठ उभी राहिलेली सत्ता घरच्या शेतकऱ्याच्या पाठीवर बसलेली होती. हाइले सेलासीच्या १९३१ आणि १९५५ च्या राज्यघटनांनी सॉलोमनचे रक्त कायद्यातच लिहून ठेवले. १९६५ मध्ये अदिस अबाबाचे विद्यार्थी ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत रस्त्यावर आले. १९७३ पर्यंत वोल्लोत माणसे उपासमारीने मेली, दरबाराने ती झाकली, आणि १२ सप्टेंबर १९७४ रोजी सम्राट पदच्युत झाला. पुढची लष्करी राजवटही रक्तपाती निघाली, हे खरे. पण त्यामुळे वंशावळ निर्दोष ठरत नाही.

पदवी घेणारा मी घरातला पहिला. आजोबांच्या आधीचे नाव आमच्यात कोणाला ठाऊक नाही. अशा माणसाला आपल्याही मुळाशी एखादा राजा शोधावासा वाटतो. तो मोह मी ओळखतो. ‘केब्रा नगस्त’ त्या मोहावरचा इशारा म्हणून वाचावा. राजाचे रक्त सिद्ध झाले, की कोणीतरी दासीपुत्र ठरतोच. आपल्याला पाण्यावरचा हक्क हवा आहे, आणि तो माणूस म्हणून. त्यासाठी सॉलोमनची गरज नाही.