उघड्या टपाच्या मोटारी : अलंकार आणि औचित्य

अलंकार हा शब्द साहित्यचर्चेत आपण इतक्या सहजपणे योजतो की, तो मुळात अंगावर घालावयाच्या वस्तूचा शब्द आहे याचा विसर पडतो. मंडळाच्या त्रैमासिकात अमेरिकन मोटारींवर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, ते याच शब्दाच्या भरवशावर. दुसऱ्या महायुद्धानंतर डेट्रॉइटने ज्या उघड्या टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल, मोटारी घडविल्या त्यांच्याविषयी एक ठरीव मत आहे. पन्नासच्या दशकात अभिरुची बिघडत गेली, १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये तिने तळ गाठला आणि १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलने ती सावरली, असे ते मत. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच मानीत होतो. आता ते तितकेसे पटत नाही.

या मतात एक गोष्ट नजरेआड होते. टप नसणे हीच या मोटारींची खरी कसोटी आहे. बंद मोटारीत छप्पर आणि खिडक्यांची चौकट पुष्कळ दोष पोटात घालतात. टप उतरविला की बॉनेटपासून डिकीपर्यंत जाणारी कमरेची रेषा एकटी उरते, आणि मागच्या आसनामागे गुंडाळलेल्या कापडाचे गाठोडे तिच्यावर बसते. १९५३ च्या कॅडिलॅक एल्डोराडोने हे दोन्ही प्रश्न सोडविले. दाराची वरची कड मध्येच किंचित खाली झुकविली, समोरची काच दोन्ही बाजूंना वळवून घेतली आणि गुंडाळलेला टप धातूच्या झाकणाखाली पार नाहीसा केला. अशा ५३२ मोटारीच निघाल्या. त्यांतील एकीत उभे राहून आयझेनहॉवर जानेवारी १९५३ मध्ये शपथविधीच्या मिरवणुकीत गेले.

त्याच जनरल मोटर्सच्या ब्यूइकची कथा आम्हांस अधिक मौजेची वाटते. १९४९ पासून ब्यूइकच्या अंगावर बॉनेटच्या बाजूस गोल छिद्रे असत. रोडमास्टरला चार, सुपरला तीन. आयुष्य सरकारी चाकरीत गेल्यामुळे दर्जा मोजण्याची ही रीत आमच्या तत्काळ ध्यानी आली. परंतु १९५३ ची स्कायलार्क ही ब्यूइकची सर्वांत महाग मोटार, आणि तिच्या अंगावर एकही छिद्र नाही! ज्याचा हुद्दा सर्वांना ठाऊक असतो त्याला खांद्यावरच्या फितींची गरज नसते, हे त्या आरेखकांना उमगले होते. औचित्य म्हणतात ते याला.

आता त्या बदनाम परांकडे वळू. मोटारीच्या शेपटाशी माशासारखे पर लावण्याची कल्पना हार्ली अर्ल यांची. युद्धकाळातील पी-३८ लाइटनिंग विमानाचे जुळे शेपूट पाहून ती सुचली. १९४८ च्या कॅडिलॅकवर हे पर म्हणजे मागच्या दिव्याला दिलेला लहानसा उठाव होता. पुढे १९५७ साली व्हर्जिल एक्स्नर यांनी क्रायस्लरच्या मोटारींना धारदार, चढते पर दिले. त्यांच्या आगाऊ दर्शनानेच जनरल मोटर्सचे तरुण आरेखक हादरले, आणि १९५९ चे कॅडिलॅक हे त्या धसक्याचे अपत्य. बंद कॅडिलॅकमध्ये हे पर छपराशी भांडतात, यात शंका नाही. पण बियारिट्झ ही उघडी एल्डोराडो पाहावी. पावणेएकोणीस फूट लांबीच्या त्या सपाट देहावर आभाळाकडे उठणारे दुसरे काहीच नाही. पर काढून टाकले तर ती लांबी संपणार कोठे? दोष परांचा नव्हे. दोष मागच्या बाजूस आहे. तेथे पुढच्या जाळीचीच नक्षी पुन्हा बसविली आहे. ही निव्वळ पुनरुक्ती झाली. कवीला यमक आवडले म्हणून त्याने तेच कडवे शेवटी पुन्हा लिहावे, तसे हे आहे.

फोर्डच्या १९५५ च्या थंडरबर्डविषयी फार लिहिण्याजोगे नाही. दोन आसनांची ती मोटार देखणी होती, आणि लहान वस्तू देखणी करणे तुलनेने सोपे असते.

लिंकनचे तसे नाही. एल्वुड एंगल यांची ही कल्पना मुळात थंडरबर्डसाठी रेखाटलेली. आदल्या वर्षीच्या कॉन्टिनेन्टलपेक्षा ही मोटार सुमारे सव्वा फुटाने आखूड आहे. तिच्या बाजू सपाट, आणि वरच्या कडेने पुढून मागपर्यंत गेलेली क्रोमची एक बारीक रेघ. हिला निरलंकृत म्हणण्याची प्रथा आहे, ती आम्हांस मान्य नाही. अलंकार आहे; एकच आहे आणि नेमक्या जागी आहे. डॅलसमध्ये नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांची हत्या झाली ती याच कॉन्टिनेन्टलला लांबवून घडविलेल्या मोटारीत, आणि तेव्हापासून तिच्या साधेपणावर एक गांभीर्य चढले आहे. ते आरेखकाच्या खात्यावर जमा करू नये.

आणि या साधेपणाची किंमत? चार दारांवरचा तो प्रशस्त टप घड्या पडून सगळाच्या सगळा डिकीत शिरतो. त्यासाठी डिकीचे झाकण पुढून उचलले जाऊन मागे उघडते. टप आत गेला की सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. फिरतीवर असताना आमच्या अँबॅसॅडरच्या डिकीत वळकटी, फायलींचा पेटारा आणि शिवाय कुणाचीतरी आंब्यांची करंडी मावत असे. १९६७ नंतर चार दारांची उघडी लिंकन निघाली नाही.