'यंत्रमानव' : एका समासाचे परीक्षण

कारेल चापेक यांच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' नाटकातून 'रोबॉट' हा शब्द जगभर गेला. त्याच्या मुळाशी चेक भाषेतील 'रोबोता', म्हणजे वेठ. मराठीने 'यंत्रमानव' घडविताना ही वेठच गाळली. ज्या परळ-लालबागने १९८२ चा गिरणी संप आणि नंतरची बेकारी पाहिली, तेथील वाचकाला ही गळती किरकोळ वाटू नये.

'यंत्रमाग' या समासात प्रधान पद माग. तो मागच असतो. त्याच न्यायाने यंत्रमानव मानव ठरतो. रूढार्थ निराळा आहे, असा आक्षेप येईल. परंतु सोबतची क्रियापदे प्रधान पदाचीच वाट धरतात. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.त आलेली 'सोफिया' साडी नेसली होती, की तिला ती नेसविली होती? प्रयोजक रूप टळले की नेसविणारा आणि बोलविणारा, दोघेही वाक्यातून लोपतात. लॅमिंग्टन रोडवरून मोटरी आणून घरी यंत्र जुळविणाऱ्या हौशी विद्यार्थ्याला हा लोप परवडत नाही. चाक अडले की खरा कर्ता कोण, हे त्याला तत्काळ उमगते.

गिरगाव-लालबागच्या गणेशोत्सवात यंत्रावर मान डोलविणाऱ्या आकृत्यांना लोक 'हलता देखावा' म्हणतात. परिभाषेहून ही बोली अधिक प्रामाणिक होय.