पाय तियात्रिस्त : रंगमंचाला घर देणारा माणूस

कोंकणी तियात्राचा जन्म गोव्यात नव्हे, तर मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणादिवशी, लुकासीन रिबेरो यांनी ‘इतालियन भुरगो’ हा पहिला तियात्र रंगमंचावर आणला. या नवजात कलेला शिस्त व विचार दिला तो मडगावातील बोर्डा येथे १८७१ साली जन्मलेल्या जुआंव आगुस्तीन फर्नांडिस यांनी. ‘पाय तियात्रिस्त’, अर्थात तियात्रिस्तांचा पिता, हे बिरुद त्यांना केवळ कौतुकापोटी लाभले नाही, असे आम्हांस वाटते.

पहिल्या तियात्राची प्रेरणा इटालियन ऑपेरातून आलेली होती. फर्नांडिस यांनी रंगमंचावर आपली माणसे आणली. १८९५ सालच्या ‘द बेल ऑफ कावेल’ या त्यांच्या तियात्राच्या नावातच मुंबईतील कावेल ही ख्रिस्ती वस्ती आहे. पुढे १९०४ साली ‘भाटकारा’ आला. ‘भाटकार’ म्हणजे जमीनदार आणि ‘भाटकारा’ हे संबोधन. त्याच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकारांची व्यथा मांडणारी ही कृती शीर्षकापासूनच अन्याय करणाऱ्याला हाक मारते. नाव न घेता टीका करणे सोपे असते. समोर उभे राहून हाक मारण्यास धैर्य लागते.

त्याहून मोठे धैर्य त्यांनी घरातून दाखविले. तियात्रातील स्त्रीभूमिका तोवर पुरुष करीत. १९०४ साली फर्नांडिस यांनी आपली पत्नी रेजिना यांनाच रंगमंचावर उभे केले. मराठीत स्त्रियांनी स्त्रीभूमिका केलेले ‘आंधळ्यांची शाळा’ १९३३ साली आले, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते. सुधारणेची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या लेकीसुनेकडून मागितली नाही.

तियात्राचे दोषही आम्ही नाकारीत नाही. पडद्यांमधील ‘कांतारां’ पुष्कळदा कथानकाशी नाते ठेवीत नाहीत आणि शेवटी उपदेशाचा सूर चढतो. उपदेश हे आमचे नित्याचेच काम असल्याने त्याच्या मर्यादा आम्ही जाणतो: जो उपदेश बोलणाऱ्याला काहीच गमवायला लावीत नाही, तो ऐकणाऱ्यालाही हलवीत नाही.

१९४७ साली फर्नांडिस निवर्तले; तियात्र मात्र आजही गर्दी खेचतो. आमच्या धर्मग्रामांतही सणावारी नाटके होतात. त्यांत दारुड्याला हसतात, सासूला हसतात. पण पहिल्या रांगेत बसलेल्या प्रतिष्ठितांना हाक मारणारे नाटक आम्ही किती बसविले? तरुण मंडळींनी पुढील सणाची संहिता निवडताना ‘भाटकारा’ हे एकच शब्दाचे शीर्षक आठवावे. आणि त्या पहिल्या रांगेत आम्हा धर्मगुरूंचीही खुर्ची असते, हे विसरू नये.